नळीवाचून छातीची शस्त्रक्रिया

रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत बिऱ्हाड थाटलेल्या आम्हां मराठी मंडळींस मोठ्या रुग्णालयांचा शेजार आहे. ‘सफदरजंग’ आणि ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट’ ही तर एका रस्त्याच्या दोन अंगांस उभी आहेत. तरीही घरातील कोणास फुप्फुसाची शस्त्रक्रिया सांगितली, की आमचे धैर्य खचते. त्यातच, श्वासनलिकेत नळी न घालता आणि मागाहून छातीत निचऱ्याची नळी न ठेवता हे काम होऊ शकते असे कानी आले, की ‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत’ असे उद्गार निघतात. इतिहास मात्र निराळे सांगतो. येथे मागाहून आली ती नळीच होय.

स्टॉकहोमचे वैद्य याकोबेउस यांनी 1910 साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण बरगड्यांमधून छातीत घातली, तीही केवळ जागा बधिर करून. रोगी जागा होता व आपणच श्वास घेत होता. त्या काळी क्षयावर फोर्लानिनी यांची ‘हवा भरण्याची’ चिकित्सा चाले; छातीत हवा सोडून रोगट फुप्फुस मिटवावयाचे व त्यास विश्रांती द्यावयाची. परंतु फुप्फुस बरगड्यांस चिकटलेले असले, तर ते मिटत नसे. याकोबेउस हे चिकटलेले पदर दुर्बिणीतून पाहून तप्त तारेने तोडू लागले. पाचगणी-मिरजेकडील आरोग्यधामांच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांस ‘हवा भरणे’ हा शब्द परका नाही.

मग नळी आली कशासाठी? छाती रुंद उघडली, की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस आक्रसते आणि दुसऱ्या बाजूचाही श्वास अडखळतो. ब्रेस्लाऊ येथे साउअरब्रुख यांनी 1904 साली यावर अजब तोड काढली : कमी दाबाची खोली, तीत शस्त्रवैद्य व रोग्याचे धड, आणि रोग्याचे डोके तेवढे बाहेर! श्वासनलिकेतील नळीने ही अवजड खोली निरुपयोगी ठरविली. स्टॉकहोमच्याच कार्लेन्स यांनी 1949 साली दुहेरी नळी पुढे आणली आणि दोन्ही फुप्फुसांचा श्वास वेगळा करता येऊ लागला. या नळीचे उपकार थोडे नव्हेत. मोठमोठ्या शस्त्रक्रिया तिच्याच आधारे सुरक्षित झाल्या.

1990 नंतर कॅमेऱ्यामुळे छेद लहान झाले आणि जुना प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. रोम येथे पोम्पेओ यांनी 2004 साली जाग्या रोग्याच्या फुप्फुसातील गाठी काढल्याचे प्रसिद्ध केले; तैवानच्या वैद्यांनी 2011 साली नळीवाचून फुप्फुसाचा अख्खा खंड काढल्याचे वृत्त दिले. बरगड्यांतील मज्जातंतू बधिर करतात, मुखवट्याने प्राणवायू देतात, आणि खोकला उसळू नये म्हणून वेगस या मज्जातंतूसही औषध टोचतात. साउअरब्रुख ज्याला भ्याले, त्या आक्रसलेल्या फुप्फुसामुळेच आता हत्यारास जागा मिळते.

निचऱ्याच्या नळीची कथा याहून जुनी. हॅम्बुर्गचे ब्यूलाऊ यांनी एकोणिसाव्या शतकातच तिचे टोक पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती रूढ केली. ती बरगडीस टोचते, खोकणे नकोसे करते. लहानसा तुकडाच काढला असेल आणि हवा वा रक्त झिरपत नाही अशी खात्री पटली, तर काही ठिकाणी ती ठेवीतच नाहीत.

सर्वांस हे मानवत नाही. स्थूल देह, दुबळे हृदय वा अवघड श्वासमार्ग असल्यास वैद्य नळीच पसंत करतात. आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या छातीत ते याकोबेउसचे पदर अजून चिकटलेले सापडतात, आणि मग अर्ध्यावर नळी घालण्याची वेळ येते. तेव्हा ती त्वरित घालणारा भूलतज्ज्ञ उशाशी आहे काय, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे.