अमृत माती

अमृत माती : पालापाचोळा, शेण, गोमूत्र व गूळ यांपासून घडवलेली सजीव माती. ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक, कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या शेतीविचारातून ती पुढे आली. गच्चीवरच्या कुंडीबागांनी तिला विशेष उचलून धरले.

आधी अमृतजल करतात : १० लिटर पाण्यात १ किग्रॅ. ताजे शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅ. गूळ घालून तीन दिवस ढवळायचे. ते दहापट पातळ करून त्यात वाळका पाचोळा दिवसभर भिजवतात व थोड्या मातीसह थरावर थर रचतात. ढीग अधूनमधून खालीवर करतात. पाचोळा कुजला की त्यावर धान्य, कडधान्ये, मसाले यांचे मिश्र बी पेरून कोवळी रोपे कापतात आणि तिथेच मिसळतात. घाईत हाच टप्पा गाळला जातो. मग हाती उरते ते साधे कंपोस्ट. तयार माती काळसर, हलकी, पहिल्या पावसाच्या वासाची असते.

पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात, तसेच शेजारच्या वेल्ह्यात, भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. तीत पाला, काटक्या, शेण जाळून टाकतात. अमृत मातीसाठी तोच पाला कुजवतात.

घरातल्या कुंडीत पालेभाज्या, मिरची, पुदिना लावावा. पीक निघाल्यावर माती फेकू नये, वर पाचोळा पसरून ओल टिकवावी.