निवेदनाचं कूळ

बेळगावात किंवा निपाणीत बायकांचा मोर्चा निघाला, की शेवटी पाच-सहा जणी आत जातात आणि साहेबांच्या हातात निवेदन देतात. खाली सह्या, सह्यांच्या शेजारी अंगठे. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधीकाळी कुणीतरी विचार करून निवडली होती, हे ध्यानातच येत नाही.

निवडणाऱ्यांत एक होत्या मार्गारेट कझिन्स. मताच्या हक्कासाठी १९१३ मध्ये डब्लिन कॅसलच्या काचा फोडून तुरुंगात गेलेल्या आयरिश बाई. विलायतेत तेव्हा दोन वाटा होत्या. मिलिसेंट फॉसेट यांच्या बायका सभा घेत, अर्ज करत. एमेलिन पँकहर्स्ट यांच्या बायका काचा फोडत, तुरुंगात अन्न सोडत. कझिन्सबाई दुसऱ्या वाटेच्या. पण १९१५ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी दगड उचलला नाही, कागद उचलला. १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला येणार होते, तेव्हा कझिन्सबाईंनी स्त्रीशिक्षणाच्या मागण्यांसाठी भेट मागितली. उत्तर आलं, शिष्टमंडळ राजकीय मागणीचं असेल तरच भेट. मग मताचा हक्कच मागायचा ठरला, आणि डिसेंबरात सरोजिनी नायडू शिष्टमंडळ घेऊन माँटेग्यूंपुढे उभ्या राहिल्या.

पुढचं पाऊल आपल्या शेजारी पडलं. मे १९१८ मध्ये विजापूरच्या मुंबई प्रांतिक परिषदेत सरोजिनीबाईंनी स्त्रियांच्या मताचा ठराव मांडला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. कॅम्पातल्या बंगल्यांत राहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या देशात त्याच वर्षी तिशीवरच्या बायकांना, त्याही सगळ्या नव्हेत, मत मिळालं होतं. इथल्या बायकांना मात्र, मताचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीनं नकार दिला. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा लेक मिठनला घेऊन लंडनला गेल्या, सभा घेतल्या, खासदारांना भेटल्या. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्यानं निर्णय प्रांतांवर सोडला आणि १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलनं बायकांच्या मतावरची बंदी उठवली.

या वाटेला मवाळ म्हणून हिणवणं मला पटत नाही. ज्या घरात बाईचं नाव चारचौघांत घेतलं जात नव्हतं, तिथं तिनं सरकारी कागदावर स्वतःचं नाव घालणं हीच मोठी गोष्ट होती. आणि रस्ताही परका नव्हता: १९२० च्या सुमारास पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी रमाबाई रानड्यांनी बायकांचा मोर्चा काढला होता. मताच्या चळवळीतही त्या होत्याच.

खरी खोट दुसरीकडे होती. १९२१ चं मत मालमत्तेला बांधलेलं होतं. ज्यांच्या नावावर घर नाही, शेत नाही, त्या मजूर बायकांना त्या विजयातून काहीच मिळालं नाही. त्यांना मत मिळालं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत.

आणि मत मिळालं म्हणून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला खाट कमी झाला नाही, मजुरी वाढली नाही. १९८० च्या आसपास तिथल्या बायका कामगार नेते प्रा. सुभाष जोशींसोबत संघटित झाल्या, तेव्हा त्यांनी संपाचं हत्यार उचललं. ज्याचा रोजचा दिवस मालकाच्या हातात असतो, त्याला काम थांबवण्याइतका जोरदार अर्ज दुसरा नसतो. युगांतर या चित्रपट बनवणाऱ्या गटाच्या दीपा धनराज यांनी १९८२ मध्ये या बायकांवर माहितीपट केला, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. आपल्या कामाची आणि लढ्याची गोष्ट त्यात त्या स्वतःच मराठीत सांगतात.