कारकुनाने धरलेली ठेकेदारी

आमच्या गटातली एक ताई पतसंस्थेत कायम नोकरीला आहे. यंदा गटाला एका वसतिगृहाच्या जेवणाचं कंत्राट मिळतंय. आमचं हे पहिलंच. ताईने नोकरी सोडून ते सांभाळावं, असं आम्हाला वाटतं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मागच्या बैठकीत आम्ही एक जुनी गोष्ट काढली.

कुर्डुवाडीहून बार्शीला 1897 मध्ये अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. पुढे ती लाइन बार्शीच्या पूर्वेला वाढवली गेली. तिथलं येडशी ते तडवळे हे काम घेतलं दोन मराठी मुलखातल्या माणसांनी. एक लक्ष्मण बळवंत फाटक. ते रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ठेकेदारीत आले. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद, तेव्हा ऐन विशीतले. त्यांच्या घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. दोघांची भागी 'फाटक आणि वालचंद' या नावाने चालली.

यात आपल्याला काय दिसतं? नोकरी सोडली तरी नोकरीत शिकलेलं सुटत नाही. रेल्वेचा कारभार कसा चालतो हे एकाला आतून ठाऊक होतं, दुसऱ्यामागे पैशाचं बळ होतं. कंत्राटात दोन्ही लागतं. कारण मजुरी आधी द्यायची असते. मोजमाप आणि बिल मागाहून. मजुराचा बाजार आठवड्याला असतो, साहेबाची सही आठवड्याला होतेच असं नाही. आपलंही तेच. तेल, डाळ, गॅस रोज लागणार, बिल महिन्याने निघणार. ताईला हिशोब येतो, पण पगार थांबल्यावर तिच्या घरची चूल कशावर पेटणार?

वालचंदांनी पुढे 1919 मध्ये सिंदिया जहाज कंपनी उभारायला हात लावला, 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. वालचंदनगर तर सगळ्यांना माहीत आहे. फाटकांचं नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक, आणि मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांचं कुणालाच नाही.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरावात लिहिल्या. पहिले तीन महिने, बिल निघो न निघो, ताईला गटाच्या बचतीतून मानधन मिळेल. किराण्यासाठी वेगळी रक्कम बाजूला राहील. आणि कामाच्या कागदावर ताईचं, तसंच पोळ्या लाटणाऱ्या प्रत्येकीचं नाव असेल.

ठराव सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, "मग सहा महिन्यांचं मानधन लिहा." आम्ही तिनाचे सहा केले. ताई येत्या एक तारखेला राजीनामा देणार आहे.