आनंदीबाई जोशी आणि परदेशातील अल्पायुषी स्नेह

मैत्रीचे मोल ठरवताना आपण बहुधा तिच्या कालावधीकडे पाहतो. बालपणी जडलेला व वार्धक्यापर्यंत टिकलेला स्नेह आपणांस श्रेष्ठ वाटतो. वर्षा-दोन वर्षांत संपलेल्या ओळखीस आपण फार तर 'परिचय' म्हणून बाजूस सारतो. चरित्रकारांचीही दृष्टी याहून फारशी निराळी नसते. चरित्रनायकाच्या आयुष्यात जी माणसे अखेरपर्यंत राहिली, त्यांस प्रकरणे मिळतात. जी थोडा काळ भेटली, त्यांच्या वाट्याला एखादी ओळ किंवा एखादे छायाचित्र येते. विद्यार्जनासाठी परदेशी गेलेल्या माणसाच्या बाबतीत हा न्याय योग्य ठरतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

परदेशातील विद्यार्थिदशेत जुळणाऱ्या स्नेहाची एक खूण अशी की, त्याचा शेवट आरंभीच ठाऊक असतो. अभ्यासक्रम संपला, पदवी मिळाली, बोटीचे तिकीट काढले की ताटातूट व्हावयाचीच. दुसरी खूण अशी की, तेथे जात, कुळ, गाव, नाते यांपैकी कोणीही मध्यस्थ नसतो. ज्याच्याशी बोलावयाचे, ते स्वतःच्या निवडीने बोलावयाचे. अशा मैत्रीपैकी एखादी पुढे आयुष्यभर टिकते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथील वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी भेटले आणि तो स्नेह स्वदेशी परतल्यावरही अडीअडचणीत उपयोगी पडला. तो टिकला म्हणूनच चरित्रग्रंथांत नोंदला गेला. परंतु जे स्नेह टिकले नाहीत, किंबहुना ज्यांस टिकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राइतके उपयुक्त साधन मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

आनंदीबाईंच्या आयुष्याची रूपरेषा वाचकांस परिचित आहे. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी, वयाने खूप मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह. चौदाव्या वर्षी मातृत्व आणि दहा दिवसांतच अपत्याचा वियोग. टपाल खात्यातील गोपाळरावांच्या बदल्यांमागून कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास घडला. या सर्व घटनांत एक गोष्ट समान आहे: आनंदीबाईंची नाती इतरांनी ठरविलेली होती. माहेर जन्माने मिळाले, सासर वडीलधाऱ्यांनी नेमून दिले, शेजार बदलीच्या हुकुमाने आला. शिक्षणाचा आग्रहसुद्धा आरंभी पतीचाच होता. स्वतः होऊन माणूस जोडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला तो समुद्रापलीकडून आलेल्या एका पत्राने.

पत्नीस अमेरिकेत शिक्षण देण्याविषयी गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याशी केलेला पत्रव्यवहार एका अमेरिकन धार्मिक मासिकात छापला गेला होता. वाइल्डर यांचे म्हणणे उघड होते: ख्रिस्ती व्हावे, म्हणजे साहाय्य मिळेल. न्यू जर्सी संस्थानातील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती आले. त्यांनी १८८० मध्ये आनंदीबाईंस पत्र लिहिले आणि धर्मांतराची अट न घालता आपले घर देऊ केले. त्यानंतर सुमारे तीन वर्षे या दोघी एकमेकींस न पाहता पत्रे लिहीत राहिल्या. पंधरा वर्षांची मराठी मुलगी आणि संसारात स्थिरावलेली अमेरिकन गृहिणी यांच्यामध्ये सणवार, चालीरीती, आजारपण, बालविवाह अशा नाना विषयांवर पत्रव्यवहार चालला. इंग्रजी लिहिण्याचा सराव आणि मन मोकळे करण्याची जागा, या दोन्ही गोष्टी आनंदीबाईंस एकाच ठिकाणी लाभल्या.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. आनंदीबाई कार्पेंटरबाईंस इंग्रजी पत्रांत जो 'आंट' शब्द योजीत, त्यातून काकू, आत्या, मामी, मावशी यांपैकी कोणतेही नाते निघू शकते. मराठी वाचक मात्र त्या बाईंस 'कार्पेंटर मावशी' म्हणूनच ओळखतो. ही निवड अर्थपूर्ण आहे. काकू आणि आत्या पित्याच्या घराण्यातील. त्यांच्या मायेबरोबर थोडाबहुत धाकही असतो. मावशी ही आईची बहीण. तिच्यापाशी हट्ट करता येतो, तक्रार करता येते, रडताही येते. परक्या माणसास नात्याचा शब्द देऊन आपलेसे करण्याची आपल्या भाषेची जी रीत आहे, ती आनंदीबाईंच्या बाबतीत अटलांटिक महासागर ओलांडून गेली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाईंनी आपल्या प्रस्थानाची कारणे जाहीर भाषणात सांगितली. आपण परदेशी का जातो, हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची गरज काय आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कशा येणार, हे सर्व त्यांनी स्पष्ट केले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. पती बरोबर नव्हता. वय अठरा वर्षांचे. ती उन्हाळ्याची सुटी रोझेलमध्ये कार्पेंटर कुटुंबात गेली आणि त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी होय. तेथील अधिष्ठात्री रेचेल बॉडले यांनी शिष्यवृत्तीची तजवीज केली.

रोझेलचा सहवास, हिशेब मांडला तर, फार अल्प भरतो. पहिला उन्हाळा आणि नंतरच्या काही सुट्या. उरलेला काळ अभ्यासाचा, थंडीचा आणि आजारपणाचा. तथापि आनंदीबाईंनी आपला शाकाहार व साडी सोडली नाही, याचे श्रेय त्यांच्या निर्धाराला द्यावे तसेच, तो निर्धार मोडण्याचा आग्रह न धरणाऱ्या घरालाही दिले पाहिजे. आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातील संबंध सहसा समान नसतो. उपकाराचे ओझे स्नेहावर पडते, आणि त्या काळच्या धर्मप्रसाराच्या वातावरणात तर ते अधिकच पडण्याजोगे होते. कार्पेंटरबाईंनी उपकाराची परतफेड धर्माच्या रूपाने मागितली नाही, यातच त्यांच्या मैत्रीची कसोटी लागली, असे आम्ही समजतो.

सहाध्यायिनींचा स्नेह याहून निराळा. १० ऑक्टोबर १८८५ या दिवशीचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या वेषात तीन विद्यार्थिनी तीत दिसतात: हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातील दमास्कसच्या सबात इस्लामबुली. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात ते जतन झाले असून अलीकडे त्याचा सर्वत्र प्रसार झाला आहे. त्यावरून या तिघींच्या अतूट सख्याच्या कथाही रचल्या जाऊ लागल्या आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. छायाचित्रात शेजारी बसणे हा मैत्रीचा पुरावा नव्हे. परदेशच्या विद्यार्थिनींस राष्ट्रीय वेषात एकत्र बसविण्यात संस्थेच्या अभिमानाचाही भाग होता. शिवाय तारखा पाहाव्यात. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. ओकामी यांना १८८९ मध्ये. इस्लामबुली यांना १८९० मध्ये. म्हणजे छायाचित्र घेतले तेव्हा आनंदीबाईंच्या अभ्यासक्रमाचे अवघे पाच महिने उरले होते आणि इतर दोघींचा बहुतेक सर्व अभ्यासक्रम पुढे होता. एकीची अखेर ती दुसरीची सुरुवात, असा हा सहवास होता.

असे असूनही हे छायाचित्र आम्हांस मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण भावुकतेत नाही. आनंदीबाईंच्या स्वदेशी जीवनात त्यांच्यासारखी दुसरी स्त्रीच नव्हती. वैद्यक शिकणारी, परक्या देशात राहणारी, घरच्यांच्या आशेचे आणि समाजाच्या टीकेचे लक्ष्य झालेली अशी सखी त्यांना कल्याण, कोल्हापूर वा कलकत्ता येथे कोठून मिळावी? फिलाडेल्फियात मात्र त्याच बाकांवर अशा दोघी आल्या होत्या. ज्यांच्यापुढे आपल्या धाडसाचा खुलासा करावा लागत नाही, अशी माणसे भेटण्यास पाच महिनेही थोडे नव्हेत.

त्या दोघींच्या पुढील आयुष्यावर दृष्टी टाकली म्हणजे हे साम्य अधिक स्पष्ट होते. ओकामी जपानला परतल्या व तोक्योच्या जिकेई रुग्णालयात स्त्रीरोग-विभागाच्या प्रमुख झाल्या. परंतु सम्राटाच्या भेटीच्या वेळी, त्या स्त्री आहेत या कारणाने, त्यांना स्वागतात स्थान नाकारले गेले. त्यांनी ते पद सोडले आणि स्वतःचा दवाखाना चालविला. इस्लामबुली दमास्कसला परतल्या व पुढे कैरोस गेल्या. दोघींचाही मृत्यू १९४१ मध्ये झाला. आनंदीबाईंस इतके आयुष्य लाभते, तर त्यांना कोणते मान आणि कोणते अपमान मिळाले असते, याची कल्पना ओकामींच्या हकिकतीवरून करता येते.

तिसरा स्नेह स्वदेशीय स्त्रीशी, पण परदेशात जुळलेला. पंडिता रमाबाई या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील. एकीने हिंदू राहण्याची जाहीर प्रतिज्ञा केलेली; दुसरीने १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. महाराष्ट्रात या दोघींची भेट निर्वेध झाली असती, असे वाटत नाही. बॉडलेबाईंच्या निमंत्रणावरून रमाबाई पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून आल्या आणि परक्या भूमीवर दोघींची गाठ पडली. आनंदीबाई त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात परत निघाल्या. रमाबाई अमेरिकेत राहिल्या. सहवास काही महिन्यांचाच. परंतु त्याचे फळ मोठे. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाला. त्याची प्रस्तावना बॉडलेबाईंची होती, आणि तीत नुकत्याच निवर्तलेल्या आनंदीबाईंचे स्मरण होते. त्या ग्रंथाने व रमाबाईंच्या व्याख्यानांनी जे साहाय्य उभे राहिले, त्यातून १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन सुरू झाले. एका विद्यार्थिनीने तीन वर्षांत मिळविलेला विश्वास दुसरीच्या कार्याला असा उपयोगी पडला.

आनंदीबाई १६ नोव्हेंबर १८८६ रोजी मुंबईस उतरल्या, त्या क्षयाने जर्जर होऊनच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. ती जागा त्यांना घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या आणि न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवण्यात आल्या. त्या जागी आजही त्यांच्या नावाची शिला आहे. बॉडलेबाईही १८८८ मध्ये वारल्या. ज्या मंडळीत आनंदीबाई तीन वर्षे वावरल्या, ती पाच वर्षांच्या आत अशी विखुरली.

आनंदीबाईंचे चरित्र मराठीत अनेक वेळा लिहिले गेले. काशीबाई कानिटकरांनी ते त्यांच्या निधनानंतर लौकरच लिहिले; श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने ते घरोघरी पोहोचविले. अंजली कीर्तने यांनी परिश्रमपूर्वक साधने गोळा करून ते पुन्हा मांडले. यांपैकी सर्वाधिक लोकप्रिय झालेल्या कादंबरीचे नाव 'आनंदी गोपाळ', आणि २०१९ च्या चित्रपटाचेही तेच. या जोडनावामुळे वाचकाची दृष्टी पतिपत्नींच्या नात्यावर खिळून राहते: हट्टी नवरा आणि सोशिक, तेजस्वी पत्नी. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. या चौकटीत आनंदीबाई घडविल्या गेलेल्या दिसतात. कार्पेंटरबाई, बॉडलेबाई, सहाध्यायिनी आणि रमाबाई यांच्या संगतीत पाहिल्यास त्या स्वतः माणसे पारखणाऱ्या, त्यांच्याशी मतभेद ठेवूनही स्नेह राखणाऱ्या आणि त्यांच्याकडून विश्वास संपादन करणाऱ्या दिसतात. हे दुसरे दर्शन अल्पकालीन मैत्रीच्या कागदपत्रांतूनच घडते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, परदेशातील अल्पायुषी स्नेहाकडे अपुऱ्या राहिलेल्या दीर्घ मैत्रीचा तुकडा म्हणून पाहू नये. तो एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला त्याचे स्वतःचे न्याय लावावेत. तो किती वर्षे टिकला हे विचारण्यापेक्षा त्या अवधीत माणसाला काय होता आले, हे विचारावे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां मराठी मंडळींस हा विचार परका वाटू नये. इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगाव-हैदराबादपर्यंत ज्या घरांतील मुले विद्येसाठी दूर गेली, त्या घरांच्या पेट्यांत परक्या लिपीतील पत्रे, ओळख न पटणारी छायाचित्रे आणि कोणा परक्या बाईने पाठविलेली शुभेच्छापत्रे पुष्कळ असतील. नातेवाइकांची पत्रे जपून ठेवावयाची आणि ही रद्दीत घालावयाची, असा आपला परिपाठ आहे. तो बदलल्याशिवाय आपल्या विद्यार्थिजीवनाचा इतिहास पुरा लिहिला जाणार नाही.