गागारिनचे यान गोल होते

1961 च्या अखेरीस युरी गागारिन भारत दौऱ्यावर आले. दिल्ली, मुंबई झाली, हैदराबादही झाले. आपल्या लोकांनी अंतराळात जाऊन आलेला पहिला माणूस डोळे भरून पाहिला. पण त्याचे यान कसे होते, हे त्या गर्दीतल्या कुणालाच ठाऊक नव्हते. ‘वोस्तोक’चा खरा आकार सोव्हिएत सरकारने 1965 पर्यंत जगासमोर येऊच दिला नाही. तोवरची चित्रे आणि खेळणी अंदाजाने काढलेली, बहुतेक टोकदार आणि पंखवाली.

गेल्या वर्षी जालन्यात आमच्या उर्दू माध्यमाच्या आठवीच्या मुलांनी वोस्तोकची 1:10 प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा तेच टोकदार रॉकेट त्यांच्याही डोक्यात होते. मी फळ्यावर गोळा काढला तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ये यान है या मटका?”

प्रश्न चांगला होता. गागारिन बसले तो गोळा 2.3 मीटर व्यासाचा, म्हणजे आमच्या मापात 23 सेंटिमीटर. फुगा गोल राहत नाही, मटकाही नाही. पाच नंबरचा फुटबॉल साधारण 22 सेंटिमीटरचा असतो. त्यावर जुन्या उर्दू अखबारांचे तुकडे खळीने चिकटवत अर्धा सेंटिमीटर जाड थर दिला, वाळल्यावर मधोमध कापून चेंडू काढून घेतला. मागचा यंत्रांचा भाग पुठ्ठ्याचे दोन शंकू जोडून झाला. दोहोंच्या मध्ये वायूच्या गोल टाक्यांचे कडे असते, तिथे लाकडी मणी लावले.

गोळाच का? परतताना यान कसेही गडगडले तरी चालावे म्हणून. वजन एका बाजूला जास्त ठेवले की जड बाजू आपोआप पुढे येते. आडवी केली तरी उठून उभी राहणारी बाहुली असते ना, तसेच. मुलांनी आत तळाला खिळे चिकटवून हे करून पाहिले. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात शिकण्यासारखे हेच होते.

परीक्षकांना मात्र ते “रॉकेटसारखे” वाटले नाही. नंबर शेजारच्या टोकदार रॉकेटला गेला.

लपवलेले आणखीही होते. 12 एप्रिल 1961 च्या त्या 108 मिनिटांच्या प्रवासात गागारिन यानासह उतरले नाहीत. सुमारे सात किलोमीटर उंचीवर ते आसनासह बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटने वेगळे उतरले. विक्रमाच्या नियमांना ते अडचणीचे होते, म्हणून कित्येक वर्षे त्यावर पडदा राहिला. यान घडवणाऱ्या सर्गेई कोरोल्योव्ह यांचे नावही त्यांच्या हयातीत गुप्त राहिले. जानेवारी 1966 मध्ये ते वारले, तेव्हा जगाला कळले. आमच्या इथल्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांना हे ऐकून नवल वाटले नाही. सळईवर मालकाचे नाव असते, हे त्यांना माहीत आहे.

परतीच्या वेळी तारांचा एक जुडगा सुटलाच नाही. गोळा आणि मागचा भाग काही मिनिटे एकमेकांना बांधलेले गरगरत राहिले. शेवटी उष्णतेने तारा जळाल्या, तेव्हा ते सुटले. आमच्या प्रतिकृतीत तिथे तांब्याची तार आहे. ती तोडायची की ठेवायची, यावर वर्गात वाद झाला. मुलींचे म्हणणे होते, राहू द्या. ती अजून तशीच जोडलेली आहे, प्रयोगशाळेच्या कपाटावर.