आलमारीचा कोपरा

तेलुगूत नल्ल म्हणजे काळं आणि कुंट म्हणजे छोटं तळं. हैदराबादच्या नल्लकुंट्यात माझी मावशी राहते. मागे मी तिच्याकडे गेलो, तेव्हा घरात सुतारकाम चाललं होतं. दोन भिंतींना लागून कपड्यांच्या दोन आलमाऱ्या, आणि त्या जिथं भेटतात तिथं अडलेला कोपरा. मिस्त्री दक्खनीत म्हणाला, "अम्मा, ये कोना तो बेकार जाता."

मला हसू आलं. मिस्त्री, आलमारी, चावी, बिजागरी हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. मेस्त्रचा मिस्त्री झाला, आर्मारियुची आलमारी. आपल्या गोव्यात तर आजही आर्मारच म्हणतात. 1510 साली मांडवीकाठी रुजलेल्या सत्तेची भाषा बंदराबंदरांतून आत शिरली आणि समुद्र न पाहिलेल्या सुताराच्याही तोंडी बसली. त्या वाक्यात आपला म्हणावा असा शब्द होता, 'कोना'. आणि बेकार ठरला तोही तोच!

पण कोपरा पूर्वी असा वाया जात नव्हता. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड. कोनाडा, फडताळ भिंतीच्या पोटातच असे. पुढं भिंती पातळ झाल्या, आलमारी बाहेर खोलीत आली आणि कोपऱ्याचं त्रांगडं सुरू झालं. हिशेब करून पाहा. दोन्ही आलमाऱ्या 2 फूट खोल आणि 7 फूट उंच असतील, तर कोपऱ्यात 28 घनफूट जागा अडकते. तिच्या दोन बाजूंना भिंत, उरलेल्या दोन बाजूंना आलमाऱ्यांच्या कडा. दार लावणार कुठं?

मिस्त्रीनं तोड काढली. कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर 3-3 फूट जागा घ्यायची, शेजारच्या आलमाऱ्या तिथून पुढं सुरू करायच्या आणि मध्ये तिरपं दार बसवायचं. ते जेमतेम 17 इंचांचं होतं. त्यातून मोठी पेटी आत जात नाही, तेव्हा पेट्यांचा मोह सोडायचा. फळ्याही पूर्ण खोलीच्या घालायच्या नाहीत, नाहीतर मागचं सामान वर्षभर दिसत नाही. दोन्ही भिंतींलगत 9-9 इंचांच्या फळ्या मारायच्या आणि मधली जागा मोकळी ठेवायची, म्हणजे वाकून हात आतपर्यंत पोचतो.

"9 इंचांत साड्या कशा मावणार?" मावशीनं विचारलं. मग तीच गप्प झाली. तिच्या सासऱ्यांची मराठी पुस्तकं माळ्यावरच्या ट्रंकेत होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नोकरीमुळं सासरे इथंच राहिले. घरात मराठी बोलणं टिकलं, वाचणं मात्र एकेका पिढीगणिक आटत गेलं. नातवंडं तेलुगू आणि इंग्रजी वाचतात. रद्दीवाल्याला द्यायचा विषय दोनदा निघाला होता म्हणे.

ट्रंक खाली आली. दोन पुस्तकांना कसर लागली होती, बाकीची धड होती. उन्हं देऊन ती फळ्यांवर लावली. ओल लागू नये म्हणून मागं बोटभर फट ठेवली.

आर्मारियुचं मूळ लॅटिन आर्मारियुम. आधी हत्यारं-अवजारं ठेवायची जागा, पुढं रोमन लोक त्यात ग्रंथही ठेवू लागले. युरोपातल्या मठांत तर भिंतीतल्या कोनाड्यासारख्या ग्रंथांच्या कपाटालाच हे नाव होतं, आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या साधूला आर्मारियुस म्हणत. म्हणजे नल्लकुंट्यातली ती आलमारी नकळत आपल्या जुन्या कामाला लागली.

नातवंडं ती पुस्तकं वाचतील का? मावशीला विचारलं. ती म्हणाली, "वाचतील की नाही ते त्यांचं ते बघतील. दार उघडलं की दिसतील, एवढं माझ्या हातात होतं."