निपुत्रिक राजे आणि इंग्रजी राज्याचा हिशेब

इंग्रजी अमलाखालचा मुलूख सुधारला आणि संस्थानी मुलूख मागे राहिला, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आकडेही असतात. खालसा जिल्ह्यांत शेतीचे उत्पन्न खरोखरच अधिक दिसते. पण ईस्ट इंडिया कंपनीने मुलूख डोळे मिटून घेतले नव्हते. जमीन कसदार आणि महसूल भरघोस असेल तिथे तिची नजर आधी जाई. मग आज दिसणारा फरक कारभाराचा की मुळातल्या मातीचा? या प्रश्नाला हवे होते असे एखादे कारण, जे संस्थान खालसा करील पण जमिनीच्या प्रतीशी ज्याचा काही संबंध नसेल. अर्थशास्त्रात अशा कारणाला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. १९२८ साली फिलिप राइट यांच्या तेलांवरील जकातीच्या पुस्तकात, एका परिशिष्टात, ही रीत पहिल्यांदा मांडली गेली. लक्ष्मी अय्यर यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिंदुस्थानसाठी ते कारण गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात शोधले: राजाला औरस वारस नसणे, कारण दत्तक नाकारून असे संस्थान तेव्हा खालसा केले जाई.

साताऱ्याचेच पाहा. शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. अखेरच्या काही तासांत त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहाप्रमाणे गादी वारसांकडे चालायची होती, म्हणून मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क दत्तकाच्या बाजूने उभे राहिले. जानेवारीतच कलकत्त्यात सूत्रे हाती घेतलेल्या डलहौसीने ते मानले नाही, आणि सातारा खालसा झाले. पुढे नागपूर आणि झाशीचीही तीच गत झाली. कृष्णाकाठची जमीन कशी आहे, यावर महाराजांना पुत्र होणे-न होणे अवलंबून नव्हते, हेच या पुराव्याचे बळ आहे. त्या आधारे हिशेब मांडला तर शेतीतली इंग्रजी आघाडी नाहीशी होते. उलट खालसा झालेल्या भागांत स्वातंत्र्यानंतरही शाळा, दवाखाने आणि रस्ते कमी आढळतात. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो, कारण एका जुन्या बढाईचा आधारच तो काढून घेतो.

यावर आक्षेप असा, की दत्तक मानायचा की नाही हे शेवटी इंग्रजच ठरवत. करौली तर राजा निपुत्रिक वारूनही त्यांनी खालसा केले नाही. खरे आहे, म्हणूनच इथे मोजमाप खालसा होण्यावर नव्हे, निपुत्रिक मृत्यूवर उभे आहे. हा पुरावा १८१८ सालीच लढाईने इंग्रजांकडे गेलेल्या पुण्याबद्दल किंवा त्याआधीच गेलेल्या बंगालबद्दल काही सांगत नाही, ही मर्यादाही मान्य करावी लागते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: निपुत्रिक राजाचे घराणे मुळातच दुबळे, कारभार ढिला, आणि त्याचेच परिणाम आज दिसत असतील तर? तसे असते तर राजा केव्हाही निपुत्रिक वारला तरी मागे तीच खूण राहायला हवी होती. पण १८५८ नंतर राणीच्या सरकारने खालसा करण्याचे धोरण सोडले, संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या, आणि त्यानंतर निपुत्रिक वारलेल्या राजांच्या मुलखांत शाळा-रस्त्यांची ती तूट सापडत नाही.